पोळपाटासारख्या पाठीच्या घोडीला वेस्टर्न सॅडल बसेना. काय करू?

पोळीची_आई | २ मार्च

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सजवळ राहते. लहानपणी माथेरानला घोड्यावर बसले होते तेव्हापासूनची हौस गेल्या सप्टेंबरात, वयाच्या ४६व्या वर्षी, भागवली. घोडी घेतली. जात हाफलिंगर, वय ९, उंची १४ हँड म्हणजे ५६ इंच, वजन टेपनं १०५० पौंड. अंगाचा रंग तुपावर भाजलेल्या पुरणपोळीचा, आयाळ जवळजवळ पांढरी. कागदोपत्री नाव भलतंच लांब आहे, म्हणून आम्ही तिला पोळी म्हणतो.

पोळीची पाठ म्हणजे पोळपाट. मानेच्या मुळाशी घोड्याला जो उंचवटा असतो, ज्याला इथे विदर्स म्हणतात, तो हिला औषधापुरता आहे. सॅडलला धरून ठेवायला काही नाहीच.

आधीच्या मालकाकडून एक सॅडल सोबत आली होती, 'फुल क्वार्टर हॉर्स बार'ची, म्हणजे क्वार्टर हॉर्स या इथल्या घोड्याच्या जातीच्या मापाची. ती चढताना हमखास बाजूला घसरायची. तबेल्यातल्या बायका म्हणाल्या, जाड पॅड घाल. घातलं. मग आणखी एक घातलं. महिनाभरात पोळी तंग आवळताना चावायला धावू लागली. आधी कधी असं करत नव्हती.

मग ऑनलाइन दुसरी घेतली. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, 'हाफलिंगरसाठी खास, साडेसात इंची गलेट'. (गलेट म्हणजे सॅडलखाली कण्यासाठी सोडलेली पोकळी.) किंमत १४०० डॉलर. ती रुंदीला बसते असं वाटतं, पण दुडकी चाल धरली की मागचा भाग टपटप उडतो. चाळीस मिनिटांनी काढून बघितलं तर अख्खी पाठ घामानं भिजलेली आणि मधोमध, कण्याच्या दोन्ही बाजूंना, तळहाताएवढे दोन कोरडे डाग. तिथले केस उलटे फिरलेले.

विक्रेता म्हणतो, घोड्याला सवय होईल. सात दिवसांची परतीची मुदत संपली. नवरा म्हणतो, आता तिसरी घेतलीस तर तीच बैठकीत ठेवून तिच्यावर बसून टीव्ही बघू.

रुंद, गोल, आखूड पाठीच्या घोड्यांचा कुणाला अनुभव आहे का? इंग्लिश सॅडल नको, डोंगरात तीन-चार तास फिरायचं असतं.

---

पॅनहँडलचा_तात्या | २ मार्च

ताई, अभिनंदन आणि सांत्वन दोन्ही एकदम घ्या.

मूळ सांगलीचा, टेक्सासात २३ वर्षं. पाच घोडे आहेत, माळ्यावर मोडक्या-तोडक्या सॅडली अकरा. त्यातल्या सात शिकण्याच्या फीमध्ये गेल्या असं समजतो.

पहिलं म्हणजे कातडं, नक्षी, मेंढीची लोकर हे सगळं विसरा. सॅडलच्या पोटात एक सांगाडा असतो, त्याला ट्री म्हणतात. लाकडाचा, त्यावर कच्चं कातडं ताणून शिवलेलं. किंवा फायबरग्लासचा, प्लास्टिकचा. या सांगाड्याला दोन लांब फळ्या असतात, कण्याच्या दोन बाजूंना एकेक. तेच 'बार'. पुढून त्यांना फोर्क, म्हणजे पुढची कमान, जोडतो, मागून कँटल, म्हणजे बैठकीची मागची उंच कड. घोड्याला भेटतात ते हे दोन बार. बाकी सगळा माणसाचा शृंगार.

आता बार नुसता रुंद-अरुंद नसतो. दोन फळ्यांत अंतर किती, ही एक गोष्ट. त्या कोणत्या कोनात उतरतात, छपरासारख्या उभ्या की पडवीसारख्या आडव्या, ही दुसरी. पुढे कोन उभा आणि मागे सपाट होत जातो, तो पीळ किती. टोकं बाहेर किती वळवलीत, म्हणजे खवाट्याला हलायला जागा राहते. आणि शेवटी बाक, ज्याला रॉकर म्हणतात. डोलखुर्चीच्या पायांना खालून असतो तसा.

जाहिरातीतला साडेसात इंच यातल्या फक्त पहिल्या गोष्टीबद्दल बोलतो. तोही धड नाही. एक कारखाना ट्री उघडा असताना मोजतो, दुसरा कातडं चढल्यावर पुढच्या दोन बटणांमधलं अंतर सांगतो. 'सेमी', 'फुल' ही नावं पडली ती क्वार्टर हॉर्स घरोघरी झाला म्हणून. त्यांची संघटना १९४० साली इथेच टेक्सासात, फोर्ट वर्थला स्थापन झाली. पण 'फुल' म्हणजे नेमकं किती, याचं प्रमाण कुणीही ठरवलेलं नाही. एकाचं फुल ते दुसऱ्याचं सेमी.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, दुसऱ्या सॅडलची रुंदी चुकलेली नाही, बाक चुकलाय. सपाट पाठीवर डोलखुर्ची ठेवलीत. उद्या एक करा. पॅड न घालता सॅडल पाठीवर ठेवा, तंग बांधू नका. एक हात हॉर्नवर, म्हणजे पुढच्या खुंटीवर, एक कँटलवर. आळीपाळीनं दाबा. झोपाळ्यासारखी डुलली तर इथे येऊन सांगा.

आणि पॅडवर पॅड घालू नका हो. चप्पल घट्ट होते म्हणून दोन मोजे घालतं का कुणी? आपल्या लोकांनी त्यासाठी शब्द करून ठेवलाय, खोगीरभरती.

---

मृद्गंध७ | २ मार्च

घोड्यातलं ओ की ठो कळत नाही पण वाचतेय. पोळीचा फोटो टाका. पु.ले.शु. (पुढील लेखनास शुभेच्छा!)

---

उंटावरचा_शहाणा | ३ मार्च

शेकडो वर्षं माणूस उघड्या पाठीवर बसून लढला. चौदाशे डॉलर कशाला? एक घोंगडी टाका आणि बसा. घोड्यालाही बरं, खिशालाही बरं.

---

शिलेदार_सातारा | ३ मार्च

शहाणे, तुमचं नाव सार्थ आहे 😀

पंधरा मिनिटं रिंगणात बसायचं असेल तर घोंगडी चालते. तीन तास डोंगरात नाही. घोंगडीवर बसलात की सगळं वजन बुडाच्या दोन हाडांखाली येतं आणि रिकिबी लावल्या तर त्यांचा ताण एका अरुंद पट्टीवर. सांगाडा असतो तो हे वजन लांबवर पसरायला. कण्याच्या मण्यांवर काही टेकू नये हा त्याचा दुसरा उपयोग. बिनसांगाड्याच्या सॅडली निघाल्यात, हलक्या स्वारानं थोडा वेळ वापरायला ठीक. 'मुळीच नको' म्हणणार नाही.

ताई, आमचं दुखणं तुमच्या उलट. माझ्याकडे मारवाडी नर आहे, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला. दत्तजयंतीला तापीकाठी भरतो तो बाजार, माहीत असेल. ह्याचे विदर्स म्हणजे सह्याद्रीची धार, आणि दोन्ही बाजूंना खळगे. एका मित्रानं हौसेनं कानपूरची वेस्टर्न सॅडल दिली. तिकडून परदेशात भरपूर माल जातो, त्यातलाच एक नग. ठेवली की पुढे खाली बसायची, धारेवर टेकायची. मी बोट घालून बघितलं, गलेटच्या छताखाली एक बोट जाईना. वर मी बसल्यावर काय होत असेल?

त्यावर मी जे केलं ते तुम्ही करू नका, कारण तुमची पाठ वेगळी आहे. पण सांगून ठेवतो, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. खळग्यांच्या जागी फेल्टचे पाचरीसारखे तुकडे, पॅडच्या आत शिवून. खळगा भरला की सॅडल वर उचलली जाते. हे पाचरीचं काम सॅडल किंचित रुंद असेल तेव्हाच चालतं. मुळात अरुंद असेल तर पाचर म्हणजे आगीत तेल.

आता तात्यांनी सांगितलेली झोपाळ्याची चाचणी करा आणि कळवा.

---

पोळीची_आई | ४ मार्च

तात्या, डुलते! अगदी पाळण्यासारखी. हॉर्न दाबला की कँटल दीड इंच वर. तबेल्यातल्या तीन जणींनी येऊन बघितलं. त्यातल्या एकीनं लगेच स्वतःची सॅडल काढून आपल्या घोड्यावर डुलवून पाहिली, तिचीही डुलली. ती गप्प झाली आणि घरी गेली.

शिलेदार, माहितीबद्दल आभार. मारवाडीचे कान खरंच वर टोकाला टेकतात का हो?

(फोटो सवडीनं टाकते.)

---

शिलेदार_सातारा | ४ मार्च

टेकतात. आणि तंग आवळताना ते कान मागे गेले की समजायचं, साहेबांना काहीतरी टोचतंय.

---

अश्ववैद्य_लेक्सिंग्टन | ५ मार्च

पशुवैद्य आहे, शिक्षण मुंबईचं, गेली अनेक वर्षं केंटकीत घोड्यांवरच काम. धाग्यात उशिरा आलो.

कोरड्या डागांबद्दल थोडं. भिजलेल्या पाठीवर कोरडा डाग म्हणजे दाब, असं सरसकट सांगतात. ते अर्धं खरं. दाब फार असेल तर तिथल्या घामाच्या ग्रंथी काम करत नाहीत आणि जागा कोरडी राहते. पण सॅडल तिथे टेकतच नसेल, मधे पोकळी असेल, तरीही जागा कोरडी राहू शकते. उंच विदर्स आणि खोलगट पाठ असलेल्या थरोब्रेडवर सरळ बार ठेवले की तसं होतं, पुढे-मागे टेकतात आणि मधे पूल तयार होतो. तुमच्याकडे उलट घडतंय, मधे टेकतात आणि टोकं हवेत. म्हणून फरक ओळखायला केस बघा आणि बोट लावा. केस उलटे फिरलेत, विस्कटलेत, म्हणजे तिथे घर्षण आहे. बोटांच्या टोकांनी हळूहळू दाब वाढवत जा. पाठ खाली झुकवली, कातडी थरथरवली, मान वळवून बघितलं, तर ती जागा दुखते.

महिनोन्‌महिने असंच चाललं तर तिथे पांढरे केस उगवतात. केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी मरतात म्हणून. ते लगेच दिसत नाहीत, पुढच्या वेळी केस गळून नवे आले की दिसतात. म्हणजे आज जे पांढरं दिसतं तो मागच्या हंगामाचा हिशेब असतो.

दोन गोष्टी करा. तंग आवळताना चावते, त्याला सॅडल हेच कारण असेल असं धरून चालू नका. पोटातले व्रण, पायाचं दुखणं, पाठीचे स्नायू, हेही तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणि पाठ दुखत असेल तर दोन-तीन आठवडे बसू नका. सुजलेल्या पायाचं माप घेऊन बूट शिवत नाहीत.

तुमचं वजन विचारणं बरं दिसत नाही, पण स्वार आणि सॅडल मिळून घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशाच्या आत असावं असा जुना दंडक आहे. २००८ मध्ये ओहायोतल्या विद्यापीठात ८ घोड्यांवर प्रयोग झाला होता. १५ आणि २० टक्के वजनाला घोडे बरे होते, २५ आणि ३० टक्क्यांना स्नायू दुखल्याची लक्षणं स्पष्ट वाढली.

---

पोळीची_आई | ५ मार्च

डॉक्टर, लाजायचं काय त्यात. मी १५२ पौंड, सॅडल ३६. एकूण १८८, म्हणजे १८ टक्क्यांच्या आत. मर्यादेत आहे, पण दिवाळीचा फराळ जरा आवरावा लागेल 🙂 तिच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय.

---

वाळवंटातली_राणी | ६ मार्च

ॲरिझोनातून हजेरी. माझा अरब आहे, शिंगराचा घोडा होईपर्यंत माझ्याचकडे वाढला. इथली गंमत अशी की लोक 'अरब' म्हटलं की अरुंद समजतात. माझा पुढून चांगला रुंद आहे, पाठ सपाट, आणि आखूड म्हणजे किती आखूड! काही अरबांना बरगड्यांच्या १८ ऐवजी १७च जोड्या असतात आणि कमरेचे मणीही एकानं कमी. माझ्याचे मोजले नाहीत, पण बघून वाटतं की देवानं मधला एक डबा काढून घेतला.

खरी पंचाईत स्वाराची होते. मी उंच, मला १७ इंची बैठक लागते. घोड्याला लागते आखूड सॅडल. बारचं टोक शेवटच्या बरगडीच्या मागे गेलं की ते कमरेवर टेकतं, तिथे खाली आधाराला बरगड्या नाहीत. ताई, पोळीची शेवटची बरगडी शोधा. पोटाच्या कडेनं मागून बोट फिरवत आलं की हाताला लागते, तिथून तिच्या वळणानं सरळ वर कण्यापर्यंत जा. खडूनं खूण करा. सांगाड्याचं टोक त्या रेषेच्या अलीकडे हवं. कातड्याचा स्कर्ट, म्हणजे सांगाड्याबाहेर येणारी खालची झालर, थोडा त्यापलीकडे गेला तर चालेल, पण चौकोनी स्कर्ट आखूड पाठीच्या घोड्याला वळताना मागे टोचतो. गोल स्कर्टची बघा.

बैठक मोठी म्हणजे बार लांबच, असंही नसतं बरं का. काही कारागीर त्याच बारवर कँटल थोडा मागे सरकवून इंचभर जागा काढतात. म्हणून बैठकीचा आकडा विचारू नका, बारची लांबी विचारा. दुकानदार गोंधळतात. गोंधळू द्या.

---

खेचरवाला_मिसुरी | ६ मार्च

घोड्यांच्या गप्पांत खेचर घुसवतो, माफी असावी.

खेचराची पाठ तर रुळासारखी सरळ. बाक नाही, विदर्स नाही, आणि डोंगर उतरताना सॅडल थेट कानापाशी. त्यासाठी खेचराचे वेगळे बार मिळतात, जवळजवळ सरळ. सांगायचं कारण, इथे ओझार्कच्या डोंगरात दोन-तीन जण हाफलिंगरवर खेचराच्या बारची सॅडल वापरताना पाहिलेत. सगळ्यांना जमेल असं नाही, कारण खेचर वरून निमुळतं असतं आणि हाफलिंगर पिंपासारखा. पण शोधताना हा शब्दही टाकून बघा.

उतारासाठी दुमची किंवा मागून मांड्यांवरून येणारा पट्टा लावतो आम्ही. दुमचीची सवय हळूहळू करा. एकदम शेपटीखाली पट्टा घालून वर बसलात तर पोळी तुम्हाला आकाशदर्शन घडवेल. स्वानुभव.

---

पॅनहँडलचा_तात्या | ७ मार्च

राणीताईंचं आणि खेचरवाल्यांचं दोन्ही बरोबर. आता माप घेण्याचं सांगतो, कारण डोळ्यांनी अंदाज बांधून मी सात सॅडली बुडवल्यात.

शिवणकामाच्या किंवा चित्रकलेच्या दुकानात वाकवली की तशीच राहणारी रबरी पट्टी मिळते. दीड-दोन फुटांची आणा. पोळीला सपाट जमिनीवर, चारही पाय चौरस, मान सरळ, अशी उभी करा. हिरवळीवर नको, एक पाय खड्ड्यात गेला की माप बिघडतं. खवाट्याची मागची कड हातानं चाचपून खडूनं आखा. त्याच्या दोन बोटं मागे पट्टी आडवी पाठीवर दाबून बसवा, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. अलगद उचला, पुठ्ठ्यावर ठेवा, पेन्सिलनं आतली कड काढा. दुसरं माप पाठीच्या सगळ्यात खोल जागी. तिसरं शेवटच्या बरगडीपाशी. चौथं उभं, कण्यापासून तीन-चार इंच खाली, पुढून मागे. या चौथ्यात तुमचा रॉकर सापडेल. लोक नेमकं हेच घेत नाहीत.

प्रत्येक पुठ्ठ्यावर तारीख आणि डावी-उजवी बाजू लिहा. बहुतेक घोड्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरलेला असतो.

चांगले कारागीर यासाठी डेनिस लेन कार्डं वापरतात. ऑस्ट्रेलियातल्या खोगीरकारानं काढलेली पद्धत आहे. गोलाईची, कोनाची वेगवेगळी कार्डं पाठीवर ठेवून कोणतं जुळतं ते बघायचं. मग ट्री करणाऱ्याला फोनवर नुसते क्रमांक सांगितले तरी पाठ त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहते. जवळपास कुणाकडे असतील तर उत्तम. नाहीतर पुठ्ठा झिंदाबाद.

---

उंटावरचा_शहाणा | ७ मार्च

एवढं माप तर माझ्या लग्नाच्या सूटचं घेतलं नव्हतं.

---

मृद्गंध७ | ७ मार्च

@शहाणा, म्हणूनच फोटोत तो तसा दिसतो 😂

---

पोळीची_आई | २२ मार्च

मंडळी, अहवाल.

डॉक्टर येऊन गेले. पाय ठीक, पोट ठीक, पाठीचे स्नायू दोन्ही बाजूंना दुखरे. तीन आठवडे सुट्टी. पोळी खूश. तिला रोज खरारा आणि हातात दोर धरून फिरणं एवढंच.

काल मापं घेतली. मैत्रीण घोडीला धरून, मी पट्टी धरून, आणि पोळी माझ्या खिशातलं गाजर शोधत. तीनदा हलली, चौथ्यांदा जमलं. पुठ्ठे कापून जेवणाच्या टेबलावर मांडले. पहिला आणि तिसरा एकमेकांवर ठेवले तर जवळजवळ सारखेच! म्हणजे पुढे उभं, मागे सपाट असा जो पीळ तात्या म्हणाले, तो हिच्या पाठीला नावालाच आहे. आणि चौथा पुठ्ठा टेबलाच्या कडेला लावला, तर टेबल आणि पुठ्ठ्यात मधे जेमतेम करंगळी गेली.

मग त्या चौदाशेवाल्या सॅडलला उलटं केलं आणि बारला तोच पुठ्ठा लावला. मधे टेकला आणि दोन्ही टोकांना बोटभर फट. इतके दिवस मी त्या घोडीच्या पाठीवर काय करत होते ते एका पुठ्ठ्यात दिसलं. वाईट वाटलं हो.

आता काय? नवी, मापानं करून घेतलेली सॅडल ५००० डॉलरच्या पुढे आणि वर्षभर थांबा. ते परवडणार नाही.

---

पॅनहँडलचा_तात्या | २२ मार्च

वाईट वाटून घेऊ नका. ज्याला वाईट वाटतं तो पुठ्ठा कापतो, बाकीचे तिसरं पॅड घेतात.

जुनी शोधा. कमिशनवर जुन्या सॅडली विकणारं दुकान तुमच्याकडे असणारच, शेजारी वायोमिंग आहे. पुठ्ठे घेऊन जा, लाजू नका. चार गोष्टी बघा. सांगाडा मोडका नाही ना: सॅडल मांडीवर उभी धरून हॉर्न आणि कँटल एकमेकांकडे दाबा, मग बाजूनं पिळा. बिजागरीसारखी हलली किंवा कुरकुरली तर परत ठेवा. खालची लोकर दोन्हीकडे सारखी झिजलीय का. रिकिबीचे पट्टे समान आहेत का. आणि रिगिंग, म्हणजे तंगाची कडी कुठे आहे.

हे शेवटचं तुमच्यासाठी फार महत्त्वाचं. गोल पोटाच्या घोड्याला तंगाची खाच कोपराच्या अगदी मागे असते. तंग तिथेच जातो. कडी खूप मागे असेल तर तंग तिरका होऊन सॅडलला पुढे खवाट्यावर ओढतो, कितीही नीट बसलेली असली तरी. पोळीला सपाट जमिनीवर उभी करून बघा, तिची खाच कुठे आहे. कडी त्याच्या बरोबर वर पडायला हवी.

आणि घरी न्यायच्या अटीवर घ्या. दहा दिवस म्हणाले तर दहा, पंधरा म्हणाले तर पंधरा, पण लेखी. खाली पातळ चादर घालून ठेवा म्हणजे लोकर घामट होणार नाही.

---

वाळवंटातली_राणी | २३ मार्च

वरच्यात भर. निवांत उभ्या घोड्यावर सगळंच बसतं. मैत्रिणीला पोळीचा पुढचा पाय पुढे ओढून धरायला सांगा आणि बारच्या पुढच्या टोकाखाली तुमचा पंजा घाला. खवाटा मागे सरकतो तेव्हा बोटं चिरडली तर ती सॅडल नको. मी बारा सॅडलींखाली बोटं चिरडून घेतलीत.

---

पोळीची_आई | १७ एप्रिल

मिळाली! (बहुधा.)

चार दुकानं, एकोणीस सॅडली. एका दुकानदारानं पुठ्ठे बघून विचारलं की शाळेचा प्रकल्प आहे का. चौथ्या दुकानातली बाई मात्र पुठ्ठे हातात घेऊन एक शब्द न बोलता मागे गेली आणि धुळीनं भरलेली एक सॅडल घेऊन आली. नाव ना गाव, कुण्या कारागिरानं एकट्यानं केलेली. १५.५ इंची बैठक, गोल स्कर्ट, वजन २८ पौंड, किंमत ११५०. हॉर्नवर दोराचे इतके घट्टे की कुणीतरी खरंच गुरं धरली असणार. उलटी करून चौथा पुठ्ठा लावला. टेकला. पुढून मागेपर्यंत, सलग.

दहा दिवसांच्या बोलीवर आणली. तात्यांची चाचणी: डुलत नाही. राणीताईंची चाचणी: बोटं शाबूत. शेवटच्या बरगडीच्या रेषेच्या एक इंच अलीकडे बार संपतो. खाली पाऊण इंची लोकरीच्या फेल्टचं एकच पॅड, आणि ते गलेटमध्ये वर ओढून घेतलंय, कण्यावर ताणलेलं राहू नये म्हणून.

तीन फेऱ्या मारल्या. घामाचा ठसा दोन्ही बाजूंना सारखा, मधे कण्यावर कोरडी रेघ. पहिल्या दिवशी तंग आवळताना पोळीनं सवयीनं मान वळवली, दात दाखवले आणि मग मधेच थांबली. मी पण थांबले. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तिनं मान पुढे केली.

तक्रार एकच. जमिनीवरून रिकिबीत पाय टाकून चढले की अजूनही सरकते.

---

शिलेदार_सातारा | १७ एप्रिल

मोतद्दार नसला की स्टूल ठेवावं. माझ्या आजोबांकडे दगडाचा ओटा होता चढायला, त्यात कमीपणा नसतो. जमिनीवरून चढलं की सगळं वजन एका रिकिबीवर येतं आणि विदर्सनाही पीळ बसतो, सॅडल कोणतीही असो. आणि सरकते म्हणून तंग करकचून आवळू नका, फुग्याला दोरी आवळून फुगा थांबत नाही.

ते मान वळवून थांबल्याचं वाचलं. बरं वाटलं.

---

खेचरवाला_मिसुरी | १८ एप्रिल

छातीचा पट्टा लावा, डोंगर चढताना मागे सरकणार नाही. अभिनंदन!

---

उंटावरचा_शहाणा | १८ एप्रिल

११५० मध्ये दोन चांगल्या घोंगड्या... बरं बरं, गप्प बसतो. पार्टी कधी?

---

अश्ववैद्य_लेक्सिंग्टन | १८ एप्रिल

उत्तम. एक लक्षात ठेवा, मापं मार्चमधली आहेत. हाफलिंगर गवत नुसतं बघून जाड होतो. मूळचे दक्षिण टिरोलच्या डोंगरातले, थोड्या चाऱ्यावर जगणारे, त्यांना कोलोरॅडोचं वसंतातलं गवत म्हणजे रोजची पंगत. यात सॅडलपेक्षा मोठा धोका खुरांचा असतो, लॅमिनायटिस. मे अखेरीस पुठ्ठा पुन्हा लावून बघा.

---

पोळीची_आई | २९ मे

डॉक्टरांच्या तोंडात साखर पडो की आणखी काय, कळत नाही.

आज मार्चचा पहिला पुठ्ठा पोळीच्या पाठीवर ठेवला. दोन्ही टोकं टेकली आणि वर मधोमध दोन बोटं आत गेली. वजन टेप सांगते १११०. मार्चपासून साठ पौंड, आणि तेही मी तिला मोजून चारा देत असताना. कुंपणाखालून मान घालून शेजारचं खात होती म्हणे.

सॅडल पुढे थोडी वर बसायला लागलीय. विकायची नाही असं ठरवलंय. पाऊण इंचाचं पॅड काढून अर्धा इंची घातलं, आणि आजपासून तोंडाला जाळीचं मुसकं. मळणीत आजोबा बैलांना घालायचे तसंच, फक्त हे जांभळ्या रंगाचं आणि ६० डॉलरचं. भोकातून गवताचं एकेक पातं ओढून खाते आणि प्रत्येक पात्यागणिक माझ्याकडे बघते.

मृद्गंध, घे फोटो. हाच टाकतेय.

---

मृद्गंध७ | २९ मे

अगं बाई, काय ते डोळे! काढ ना ते मुसकं.

---

अश्ववैद्य_लेक्सिंग्टन | २९ मे

काढू नका.